होमरचे 'मेनिओ' आणि मराठीतील 'रुसणे'

'इलियड'चा पहिला शब्द 'मेनिस'. त्याचा अर्थ 'क्रोध' असा सांगून आपण पुढे जातो. परंतु या नामाशी संबद्ध असलेले 'मेनिओ' हे क्रियापद कोठे येते ते पाहिले, की हा प्रतिशब्द अपुरा वाटू लागतो. 'इलियड'मध्ये 'मेनिस' हे नाम देवांच्या आणि अकिलीझच्या कोपासाठीच योजलेले आहे. अन्य कोणाही मर्त्याला तो मान नाही. क्रियापद मात्र इतके सोवळे नाही. भर सभेत अ‍ॅगमेम्नॉन धुमसतो (1.247) तेथे तेच आहे, आणि प्रायमने मान राखला नाही म्हणून सैन्याच्या पिछाडीला राहिलेल्या इनीअसविषयी (13.460) त्याचेच उपसर्गयुक्त रूप येते. 'मेनिए', 'एमेनिए' ही अपूर्ण भूतकाळाची रूपे धरून ठेवलेला राग सुचवितात. थेटिसच्या सांगण्यात (1.421-422) आणि कवीच्या निवेदनात (1.488), दोन्ही ठिकाणी, अकिलीझच्या या क्रियापदाला जहाजांपाशी 'बसून' असे धातुसाधित जोडलेले आहे.

मराठी वाचकाला येथे 'रुसून बसणे' आठवल्यावाचून राहत नाही. संस्कृत 'रुष्', प्राकृत 'रूसइ', मराठी 'रुसणे' अशी या शब्दाची वाट. नाम आणि क्रियापद यांची फारकत येथेही झाली. तत्सम 'रोष' ऋषींकडे, राजांकडे आणि पुढे वृत्तपत्रांतील 'जनते'कडे गेला. तद्भव 'रुसणे' घरात, बायकामुलांपाशी राहिले. म्हणूनच 'अकिलीझ रुसला' असे लिहिताना अनुवादकाचा हात अडखळतो. या संकोचाचे मूळ शब्दार्थात कमी आणि आपल्या घरांच्या रचनेत अधिक असावे.

कारण मराठी परंपरेतील सर्वांत मोठे रुसणे मुळीच क्षुल्लक नाही. कृष्णाच्या मांडीवर राधेला पाहून रुक्मिणी द्वारका सोडते आणि दिंडीरवनात येते. तिला शोधत निघालेला देव पुंडलिकाच्या विटेवर उभा राहतो. पंढरपुरास विठ्ठलाच्या शेजारी ती नाही. तिचे मंदिर मागे, स्वतंत्र आहे. अवमान, दूर जाणे, परत न येणे : 'मेनिओ'चे हे सारे घटक या कथेत आहेत.

तरीही एक अंतर उरते. 'रुसणे' या शब्दात समजूत काढणारा गृहीत धरलेला असतो, आणि रुक्मिणीसाठी देव स्वतः येतो. अ‍ॅगमेम्नॉन नवव्या सर्गात ओडिसिअस, अजॅक्स आणि फीनिक्स यांना पाठवितो. स्वतः येत नाही. अकिलीझ उठतो तो पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर, आणि आपला 'मेनिस' सोडल्याचे त्याला भरसभेत सांगावे लागते (19.35, 19.75).