लाल पाण्याचे आठ महिने

मंडळाच्या सहलींच्या गप्पा निघाल्या की खोरफक्कानची ती फसलेली सहल हटकून आठवते. २००८ सालचा डिसेंबर होता. शारजाहून चार कुटुंबे पुरी-भाजीचे डबे घेऊन, मसाफीच्या वाटेवर शुक्रवार बाजारात फळे घेत किनाऱ्यावर पोचलो. पोरे पाण्याकडे धावली आणि तशीच थबकली. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे, वर बुळबुळीत फेस, वाळूत मेलेले मासे आणि नाक धरायला लावणारा वास. आमच्यातल्या मालवणच्या काकू एवढेच म्हणाल्या, "पोरांनू, पाण्यात जावू नकात." सतरंजी न उलगडताच आम्ही परत फिरलो.

घरी येऊन तहान लागली म्हणून नळाचे पाणी गाळून ठेवलेला माठ उघडला, तेव्हा एक विचार मनात आला. हे पाणी तरी कुठले? आपल्या गावी ते धरणातून किंवा विहिरीतून येते. इथे नदी नाही, पाऊस नावापुरता. शहरांतल्या नळाला येते ते समुद्राचेच पाणी, मीठ काढून गोडे केलेले. म्हणजे सकाळी पाहिलेला समुद्र आणि हा माठ यांच्यामध्ये फक्त एक कारखाना उभा होता.

त्या लाल पाण्याचा इतिहास मी पुढे वाचून काढला. इंग्रजीत त्याला रेड टाइड म्हणतात, अरबीत अल-मद्द अल-अहमर. दोन्हींचा अर्थ एकच, लाल भरती. भरती-ओहोटीशी मात्र तिचा संबंध नाही. समुद्रातले एकपेशीय शेवाळ पोषक द्रव्ये आणि अनुकूल हवामान मिळताच बेसुमार वाढते आणि पाण्याचा रंग पालटतो. इथे वाढले त्याचे नाव कॉक्लोडिनियम पॉलिक्रिकॉइडिस. रामोन मार्गालेफ या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९६१ साली कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिकोहून त्याचे वर्णन केले. २०१७ साली त्याचे प्रजातीनाम बदलून मार्गालेफिडिनियम करण्यात आले, ते त्याच्याच सन्मानार्थ. पेशी मिलिमीटरच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढी. पण या पेशी साखळी करून पोहतात.

२००८ च्या ऑगस्टअखेर अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर ते दिसले आणि २००९ च्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आठ महिन्यांहून अधिक काळ, हटले नाही. ओमानच्या आखातातून होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून ते आतल्या आखातात शिरले. बाराशे किलोमीटरहून अधिक किनारा त्याने व्यापला. हजारो टन मासे मेले. दिब्ब्याजवळच्या प्रवाळांचे मोठे नुकसान झाले. फांद्यांसारखे वाढणारे प्रवाळ तर काही ठिकाणी नाहीसेच झाले.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. काही शेवाळांचे विष शिंपल्यांत साठते आणि ते खाणाऱ्या माणसाला बाधते. तामिळनाडूत वायलूरला १९८१ साली असे शिंपले खाऊन तिघे दगावले होते. कॉक्लोडिनियमची गोष्ट निराळी. ते माशांचे कल्ले निकामी करते. माणसाला विषबाधा करणारे म्हणून त्याची ख्याती नाही. मग आपल्याला धोका कोणता? तर तहानेचा. पाणी गोडे करण्याच्या नव्या पद्धतीत समुद्राचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने ढकलतात. शेवाळाचा चिकट बुळा आधीची गाळणी तुंबवतो आणि पडद्यांवर बसतो. त्यामुळे अमिरातीतली काही केंद्रे बंद ठेवावी लागली. पाणी उकळून वाफ धरणाऱ्या जुन्या पद्धतीच्या केंद्रांना त्याचा त्रास कमी.

शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेच्या मिंडी रिचलेन व डोनाल्ड अँडरसन आणि अबुधाबीच्या पर्यावरण संस्थेचे अन्बिया राजन यांच्यासह पाच जणांनी नमुने तपासून, जनुकांवरून ओळख पटवून २०१० साली निबंध प्रसिद्ध केला. हा वाण अमेरिका आणि मलेशियाच्या पाण्यातल्या वाणाशी जुळला. जहाजांच्या पोटातल्या तोलाच्या पाण्यातून तो आला असावा ही एक शक्यता; किनाऱ्यावरच्या सांडपाण्याने त्याला खतपाणी घातले असावे ही दुसरी.

धडा मात्र घेतला गेला. २०१२ साली मस्कतला या विषयावर शास्त्रज्ञ आणि पाणी-अभियंते एकत्र बसले आणि त्यातून पुढे २०१७ मध्ये युनेस्कोच्या सागरशास्त्र आयोगाने केंद्रचालकांसाठी जाडजूड मार्गदर्शिका काढली. फुजैराच्या दुसऱ्या केंद्रात पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडून शेवाळ वर आणण्याची आणि काढून टाकण्याची सोय झाली. शेवाळाची विषे पडद्यापलीकडे जवळजवळ जात नाहीत, हेही प्रयोगांनी दाखवले. आणि २०१८ च्या जानेवारीत लिवाच्या वाळूखाली २ कोटी ६० लाख घनमीटर गोड्या पाण्याचा साठा पूर्ण झाला. वेळ आलीच तर दहा लाख माणसांना नव्वद दिवस पुरेल एवढा.

नव्वद दिवस ऐकून मला बरे वाटले. मग लाल पाण्याचे ते आठ महिने आठवले आणि मी बोटांवर हिशेब केला. पाणी उधळू नका असे आजी सांगे, तेव्हा आम्ही पोरे हसायचो. आता माझ्या घरी नळ उघडा राहिला की मीच उठून बंद करतो, आणि मुले हसतात.