ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधील खाडीत, ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात पश्चिम काठाने पसरलेले संरक्षित क्षेत्र. विस्तार १,६९०.५ हेक्टर; पैकी ८९६ हेक्टर कांदळवन, उरलेले पाणी. ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय.

हिवाळ्यापासून मे अखेरपर्यंत येथे मोठा रोहित व छोटा रोहित या दोन्ही जातींचे फ्लेमिंगो हजारोंनी असतात. बरेचसे गुजरातेतून येतात. छोटा रोहित मुख्यतः निळे-हिरवे शेवाळ गाळून खातो, मोठा रोहित चिखलातले बारीक जीव टिपतो. शहराच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांवर हे शेवाळ फोफावते, असे अभ्यासक मानतात; मात्र त्याच पाण्यातून कारखान्यांची विषेही येतात, म्हणून या सुबत्तेवर विसंबणे धोक्याचे आहे.

अधिवासाची खरी हद्द भरती-ओहोटी ठरवते. ओहोटीला चिखलपट्ट्या उघड्या पडतात आणि पक्षी चरू लागतात. भरती चढली की चिखल बुडतो; तेव्हा फ्लेमिंगो, मलगुजे, तुतवार अशा पक्ष्यांना टेकायला जवळच उथळ, निवांत पाणी लागते. भांडुप उदंचन केंद्राचा परिसर, नेरूळचा डीपीएस तलाव, एनआरआय संकुलालगतची व टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळे ही अशी विसाव्याची ठिकाणे. ती अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. तेथून हुसकावलेल्या पक्ष्याला खाडीतला राखीव चिखल निम्म्याच दिवसापुरता उपयोगी पडतो. म्हणून अशा जागा ओळखताना एकदाच केलेली मोजणी पुरत नाही. भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळी, निरनिराळ्या ऋतूंत पक्षी कोठे असतात हे पाहावे लागते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने कडी घालून व उपग्रह-टॅग लावून या हालचाली नोंदवल्या आहेत.

कांदळवनाला कायद्याचे बळ तुलनेने लवकर मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर व भरावावर बंदी घातली, २०१८ मध्ये ती कायम केली. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. त्याचे ६,५२१ हेक्टर क्षेत्र अभयारण्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टाही सामावून घेते. झाडे नसलेल्या उथळ तळ्यांच्या वाट्याला मात्र हे बळ फार कमी आले. शहराच्या नकाशात ती मोकळी, बांधकामायोग्य जमीन म्हणूनच गणली जातात, आणि भरतीचे पाणी आत आणणारी वाट बुजली तरी तळे मरते.

डीपीएस तलावाच्या बाबतीत २०२४ मध्ये हेच दिसले: पाण्याची वाट अडली, तलाव कोरडा पडू लागला. स्थानिक पर्यावरणप्रेमींनी पाठपुरावा केला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली.