शुगर, साप आणि दोन विकरे

मधुमेहाला आपल्या घरांत नुसते 'शुगर' म्हणतात. त्यामुळे डोळे गेले, किडनी गेली तरी सगळा दोष साखरेच्या माथी. नेत्रपटलातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या कशा खराब होतात हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनीही आधी साखरेचाच माग काढला.

1959 साली रूथ व्हॅन हायनिंगेन यांना मोतीबिंदू झालेल्या मधुमेही उंदरांच्या भिंगात सॉर्बिटॉल सापडले. आल्डोज रिडक्टेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, ग्लुकोजपासून ते बनवते. मग विकर अडवले की डोळा वाचेल, अशी आशा निर्माण झाली. सॉर्बिनिल हे औषध तयार झाले. 1990 साली चाचणीचा निकाल आला : नेत्रपटलाला फारसा फायदा नाही, उलट काहींना तीव्र ॲलर्जी. मला वाटते, उडी लांबची होती. भिंगात रक्तवाहिनीच नसते. तरी हे विकर अगदी निर्दोष नाही. ते अडवणारे एपालरेस्टॅट मधुमेहाने नसा दुखावतात तेव्हा जपानमध्ये वापरतात.

दुसरी वाट साखरेच्या दिशेने निघालीच नव्हती. 1965 साली ब्राझीलचे सर्जिओ फेरेरा यांना जराराका या विषारी सापाच्या विषात एक घटक सापडला. पुढे लंडनमध्ये जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत दिसले की तो एसीई नावाचे विकर अडवतो. हे विकर अँजिओटेन्सिन-2 बनवते. मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी त्याने आवळली जाते, आत दाब वाढतो आणि प्रथिने लघवीत झिरपू लागतात. अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या विषावरून धडा घेऊन कॅप्टोप्रिल घडवले. (काहींच्या मनात शंका येते म्हणून सांगतो : गोळीत विष नसते, रेणू प्रयोगशाळेत बनतो.)

1993 साली लघवीत प्रथिने जाणाऱ्या 409 टाइप-1 रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांत रक्तदाबाचे लक्ष्य एकच होते. तरी कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यू, डायलिसिस किंवा किडनीरोपणाचा धोका निम्म्यावर आला.

एनालाप्रिल, रामिप्रिल ही त्याचीच भावंडे. घरात कुणाच्या गोळीच्या नावाशेवटी 'प्रिल' असेल आणि कोरडा खोकला सुटत नसेल, तर एसीई ब्रॅडिकायनिन मोडते हे लक्षात घ्या. विकर अडले की ते साठते. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या गटातले औषध मिळते.