दंडार ते ‘तेरवं’: बाईची गोष्ट सांगतं कोण?

आज एक साधाच प्रश्न घेऊया. बाईच्या मनातली ओढ, विरह, राग हे सगळं स्टेजवर आजवर कुणी सांगितलं?

सुरुवात यवतमाळपासून. केळापूर, झरी जामणीकडच्या गोंड वस्त्यांवर, कोलाम पोडांवर दिवाळीच्या दिवसांत दंडार रंगते. ढोल, घुंगरू, गाणी, मधेच सोंगं. नाच कुठे संपला आणि नाटक कुठे सुरू झालं, कळतच नाही. पण बघा, यात बाईचं सोंग घेतो पुरुष.

लावणीतही तेच. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, होनाजी बाळा यांनी शृंगाराच्या लावण्या रचल्या. त्यात ‘मी’ म्हणून बोलते ती नायिका, पण शब्द शाहिराचे. आणि तमाशात नाचायला नाच्या पोऱ्या! पुढे पठ्ठे बापूरावांसोबत पवळाबाई उभी राहिली, तेव्हा कुठे तमाशात बाई दिसली. त्याच काळात संगीत नाटकाची लाडकी नायिका कोण? बालगंधर्व.

आता थेट आपल्या काळात येऊ. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं नाटक, ‘तेरवं’. तेरवं म्हणजे माणूस गेल्यावरचा तेराव्या दिवसाचा विधी. या नाटकात काम केलं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांनी. नवरा गेला की बाईने नटायचं नाही, मंगलकार्यात पुढे यायचं नाही, हीच आपली रीत ना? मग तिने लाईटच्या उजेडात उभं राहून मोठ्याने बोलणं, हेच केवढं मोठं बंड! इथे उत्कटता प्रियकरासाठी नाही, जगण्यासाठी आहे.

त्यातल्याच एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. 1973 साली गदिमा अध्यक्ष होते, त्यानंतर संमेलन पुन्हा या गावात आलं होतं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मात्र रद्द झालं. अनेक लेखकांनी पाठ फिरवली. आणि उद्घाटन केलं वैशालीताईंनी.

आयोजकांनी अडचणीतून सुटायला त्यांना पुढे केलं का? हा प्रश्न विचारायलाच हवा. पण माईक हातात आल्यावर त्या बोलल्या, त्या स्वतःच्या अनुभवातून. त्याच वर्षी यवतमाळ-वाशीममधून प्रहारच्या उमेदवार म्हणून लोकसभाही लढल्या. निवडून आल्या नाहीत, पण गावोगाव फिरून बोलल्या.

तर मंडळी, आज घरी आजी-आजोबांना विचारा: तुमच्या गावच्या दंडारीत, तमाशात, नाटकात बाईचं काम कोण करायचं? उत्तर मिळालं तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!