मंबल्सची न्याहारी

शुक्रवार, 30 जुलै 1937. संध्याकाळचे सहा वाजलेत. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्वॉन्झी शहरात, रटलंड स्ट्रीटच्या स्थानकावर तुम्ही हातात बॅग घेऊन उभे आहात. समोर येऊन थांबलेल्या वाहनाला ट्राम म्हणावं की आगगाडी, हे काही ठरत नाही. लाल रंग, दोन मजले, एकशे सहा माणसं बसतील असा अवाढव्य डबा. कंडक्टर तिला 'ट्रेन' म्हणतो आणि त्याचंच खरं आहे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्या शेहेचाळीस वर्षं आधी, 1807 मध्ये, याच मार्गावर घोड्यांनी ओढलेल्या डब्यांतून लोक तिकीट काढून जात होते. पैसे घेऊन माणसं नेणारी जगातली पहिली रेल्वे ती हीच. घोड्यांनंतर वाफ आली आणि आठ वर्षांपूर्वी, 1929 मध्ये, वीज.

वर चढा आणि डावीकडची खिडकी धरा. समुद्र त्या बाजूला आहे. म्हणजे असायला हवा. आत्ता दिसतोय तो फक्त ओला, चमकणारा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या आणि खूप लांबवर पाण्याची एक रेघ. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटर चढतं, इथं ते नऊच्याही पुढे जातं. ब्रिस्टल चॅनेल म्हणजे समुद्राला लावलेलं नरसाळंच. अटलांटिकचं पाणी त्यात शिरतं तसं वर वर चढत जातं आणि उतरतं तेव्हा मैलच्या मैल तळ उघडा टाकून जातं. हा उघडा तळ लक्षात ठेवा. उद्या सकाळी तोच तुमच्या ताटलीत येणार आहे.

साडेपाच मैलांवर मंबल्स. उपसागराच्या टोकाला दोन खडकाळ बेटं, बाहेरच्या बेटावर 1794 सालचं दीपगृह, अलीकडे 1898 मध्ये बांधलेला लांब लोखंडी पिअर. मागच्या शतकात इथं कालवांचा मोठा धंदा होता. तो बुडाला, आणि आता गाव उन्हाळी पाहुण्यांवर जगतं. रस्त्यावरच्या दर दुसऱ्या खिडकीत 'खोली आहे' अशी पाटी.

पहिल्या घराची घंटा वाजवता. दार उघडतं, बाई तुमच्या चेहऱ्याकडे बघतात, मग तुमच्या हातांकडे. आत्ताच शेवटची खोली गेली, म्हणतात. तुम्ही फाटकापर्यंत पोचेस्तोवर खिडकीतली पाटी उचललेली असते आणि कोपऱ्यावरून वळून बघाल तर पुन्हा लागलेली. 1937 च्या ब्रिटनमध्ये याविरुद्ध कुठलाही कायदा नाही. आडनाव विचारून मग 'घर कालच दिलं' म्हणणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा फार नवल करू नका. पुढच्या घराकडे चला.

तिसऱ्या घरात एप्रनला हात पुसत आलेली पन्नाशीची बाई तुम्हाला नीट न्याहाळते. "जहाजावरचे का?" स्वॉन्झीच्या गोदीत भारतीय खलाशी येतात, त्यामुळे प्रश्न चुकीचा नाही. तुम्ही विद्यार्थी असल्याचं सांगता. "झोप आणि न्याहारी सहा शिलिंग. गरम पाण्याची आंघोळ हवी तर वेगळे पैसे. जिना चढताना बूट हातात." रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे बरोबर चार रुपये. मुकाट्यानं द्या.

खोलीत लोखंडी पलंग, जाड वेल्श घोंगडी, संगमरवरी माथ्याच्या टेबलावर पाण्याचा जग आणि तस्त, पलंगाखाली रात्रीसाठी भांडं. फडताळावर मेमध्ये झालेल्या सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचा मग. भिंतीवर दोन चौकटी: एकीत बायबलातलं वचन, दुसरीत घरचे नियम. न्याहारी साडेआठला, थाळीचा टोला पडल्यावर. दहानंतर पाहुण्यांनी घरात थांबू नये. पाऊस असला तरी. या शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ मारलेली आहे.

सकाळी सात वाजता जाग येते ती मागच्या दारातल्या बोलण्यानं. भाषा इंग्रजी नव्हे. मंबल्स तसं इंग्रजी बोलणारं गाव, पण तुमची मालकीण इथली नाही. ती गॉवर द्वीपकल्पाच्या उत्तर अंगाच्या पेनक्लॉथची, आणि तिथली बोली वेल्श. खिडकीतून वाकून बघा. दारात एक बाई उभी आहे: पट्ट्यांचा जाड फ्लॅनेलचा घागरा, खांद्यावर शाल, दंडाला एक टोपली आणि डोक्यावर चुंबळीसारख्या चपट्या टोपीवर दुसरी, पांढऱ्या फडक्यानं झाकलेली. क्षणभर तुम्हाला वर्सोव्याच्या कोळीवाड्यात आल्यासारखं वाटतं. तोच ताठ मानेचा डौल, भाव करताना तोच कमरेवर हात.

पेनक्लॉथच्या या बायकांचं घड्याळ भरती-ओहोटीचं. ओहोटी पहाटे तीनला असली तर त्या तीनला निघतात. गाढवं आणि गाड्या घेऊन बरी खाडीच्या वाळूत मैलोन् मैल आत जायचं, वाकून दाताळ्यानं वाळू ओढायची, वर आलेल्या शिंपल्या चाळणीतून चाळायच्या. बारकं पिलू चाळणीतून खाली पडलं पाहिजे, त्याला पुढच्या वर्षासाठी सोडायचं. भरती फिरायच्या आत परत. मग उकडायचं, कवचं सोडवायची, विकायला निघायचं. आगगाडी गावात येण्यापूर्वी त्यांच्या आज्या स्वॉन्झीपर्यंत अनवाणी चालत जात. बूट झिजू नयेत म्हणून हातात, आणि शहराच्या वेशीवर ओढ्यात पाय धुऊन मग ते चढवायचे. त्या जागेचं नावच ओल्खफा, वेल्शमध्ये धुण्याची जागा. या धंद्यात पुरुष कमीच. ते खाणीत, कारखान्यात, किंवा या मंदीच्या दशकात घरी बसून.

साडेआठ. टोला पडतो. खाली या.

एका लांब टेबलाभोवती सहा जण. खोऱ्यातल्या गावाहून आलेलं एक शिक्षक जोडपं, एक फिरता विक्रेता, दोन वयस्क बहिणी आणि तुम्ही. विक्रेता 'पोटॅटो जोन्स'चा किस्सा रंगवतोय: स्वॉन्झीचा कप्तान, एप्रिलमध्ये बटाट्यांनी भरलेलं जहाज घेऊन बंडखोर जनरल फ्रँकोची नाकेबंदी फोडायला यादवीतल्या स्पेनकडे निघालेला. बहिणींना तो वेडा वाटतो, शिक्षकांना वीर. तुमच्याकडे कुणी रोखून बघत नाही, पण कुणी बोलतही नाही. तेवढ्यात ताटल्या येतात आणि सगळेच गप्प होतात.

आता सावकाश बघा. जाड बेकनचे दोन काप, कडा कुरकुरीत. त्याच चरबीत तळलेलं अंडं आणि पाव. एका बाजूला शिंपल्यांचा ढीग, आकारानं चण्याएवढ्या, पिवळसर, केशरी जिभेच्या. आपल्या तिसऱ्यांच्या लांबच्या चुलतबहिणी. आणि मधोमध दोन काळपट हिरव्या टिक्क्या, ज्यांच्याकडे बघून परक्या माणसाचा हात थबकतो.

हे 'लेव्हरब्रेड'. यकृताशी संबंध नाही आणि ब्रेडशीही नाही. वेल्शमध्ये याला 'बारा लाऊर' म्हणतात. बारा म्हणजे पाव, तुमची गिनती इथं उपयोगाची नाही. वस्तू आहे लेव्हर नावाची समुद्रातली वनस्पती: खडकांना चिकटून वाढणारी, कागदाइतक्या पातळ, जांभळट पानांची. पश्चिमेला पेंब्रुकशरच्या फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर बायका ती खडकांवरून ओरबाडतात, गवतानं शाकारलेल्या झोपड्यांत सुकवतात, आणि ती आगगाडीनं इकडे येते. मग वाळूचा शेवटचा कण जाईपर्यंत धुवायची, कित्येक तास शिजवायची, वाटायची. जे तयार होतं ते दिसायला थेट अळूचं फदफदं. तुमच्या मालकिणीनं आज सकाळी ते ओटच्या भरडीत घोळवलं, हातावर थापलं आणि बिडाच्या तव्यावर बेकनच्या चरबीत खरपूस केलं.

मिठाकडे हात जातो. "आधी चाखा," मालकीण किटलीवरची लोकरी टोपी काढता काढता म्हणते. चाखता. बाहेर ओटचा खुसखुशीत पापुद्रा, आत मऊ, दाट, थोडं पालकासारखं, थोडं कालवासारखं, आणि मागाहून ओहोटीच्या वासासारखी एक चव जिभेवर रेंगाळते. मीठ लागत नाही. शिंपल्यांबरोबर घास घ्या. बेकनचा खारट तेलकटपणा, शिंपलीचा गोडवा आणि ही काळी टिक्की, तिघांना एकमेकांशिवाय करमत नाही. शाकाहारी असाल तर मात्र अवघड आहे. वनस्पती आहे खरी, पण तवा एकच. मालकिणीला सांगितलंत तर ती बेकन काढून घेईल आणि आपण फार मोठी सोय केली असं समजेल.

या ताटलीला इथं कुणी 'पारंपरिक' म्हणत नाही. हॉटेलांच्या जाहिरातींतला तो शब्द पुढचा. आत्ता ही नुसती न्याहारी आहे. खाणीत उतरणाऱ्याच्या पोटाला दुपारपर्यंत आधार, आणि स्वस्त, कारण समुद्र तिचे पैसे मागत नाही. मेहनत सगळी बायकांची, आणि बिलात ती कुठंच दिसत नाही.

एक गोष्ट मात्र या टेबलावर फक्त तुम्हाला, पुढच्या काळातून आलेल्याला, ठाऊक आहे. लेव्हरचे बीजाणू कुठं जातात, हे 1937 मध्ये जगात कुणालाच माहीत नाही. खडकांवरची पानं विरून जातात, पुन्हा उगवतात, मधे काय होतं ते गूढ. बारा वर्षांनी, 1949 मध्ये, मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख छापतील: या वनस्पतीचे बीजाणू शिंपल्यांच्या कवचात शिरतात आणि तिथं गुलाबी धाग्यांच्या रूपात वाढतात. लग्न केलं म्हणून त्यांची विद्यापीठातली अध्यापनाची नोकरी तेव्हाच गेलेली असेल. विवाहित बाईला ते पद द्यायचं नाही असा नियम होता. त्या विनापगारी संशोधन करत राहतील. तिकडे जपानमध्ये नोरीचं पीक, म्हणजे याच कुळातलं शेवाळ, युद्धानंतर कोसळलेलं असेल. या शोधानं शेतकऱ्यांना नोरीचं बी हाती येईल आणि 1963 मध्ये उतो गावचे लोक आरिआके समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक उभारतील. 'समुद्राची आई' म्हणतील. त्या स्वतः 1957 मध्येच वारलेल्या असतील, जपान कधी न बघता. तुम्ही ताटलीकडे बघता. शिंपली आणि लेव्हर शेजारी शेजारी, आणि त्यांचं नातं टेबलावर तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

सांगावंसं वाटतं, पण सांगणार कुणाला? मालकीण म्हणते, "खा, बाख, गार होतंय." बाख म्हणजे बाळा. काल बूट हातात घ्यायला लावणारी हीच बाई.

दहा वाजता नियमाप्रमाणे तुम्ही बाहेर. पाऊस भुरभुरतोय. पिअरवर जा. टोकाला लाइफबोटीचं घर आहे, आत 1924 पासून इथं असलेली 'एडवर्ड, प्रिन्स ऑफ वेल्स' नावाची निळी-पांढरी होडी. जर्सीतले दोघं-तिघं दोरखंड तपासतायत. 23 एप्रिल 1947 च्या वादळात ही होडी 'सॅमटॅम्पा' जहाजाला वाचवायला जाईल आणि आठही जण परत येणार नाहीत. जहाजावरचे एकोणचाळीसही नाहीत. हेही तुम्ही बोलू शकत नाही. त्यांना पावसाबद्दल काहीतरी विचारा, ते आनंदानं उत्तर देतील.

दुपारच्या गाडीनं परत स्वॉन्झीला. आज शनिवार, बाजाराचा दिवस. काचेच्या प्रचंड छपराखाली पेनक्लॉथच्या बायका ओळीनं बसल्यात, पुढ्यात शिंपल्यांच्या पाट्या आणि काळ्या लगद्याची भांडी. हे छप्पर फेब्रुवारी 1941 मध्ये तीन रात्रींच्या बाँबवर्षावात जळेल. लाल दुमजली गाडी जानेवारी 1960 मध्ये बंद होईल आणि तिच्या जागी बस धावेल. रुळांच्या वाटेवर आज लोक सायकली चालवतात.

बाजार मात्र 1961 मध्ये त्याच जागी पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्या मधोमध शिंपल्यांचे ठेले अजून आहेत. लेव्हर डबाबंदही मिळतं, पण ते घेऊ नका. ठेल्यावरच्या बाईकडून वजनावर घ्या, ओटची भरड विसरू नका, आणि मीठ घालण्याआधी एकदा चाखून बघा.