श्रुतपंचमी आणि कपाटातील कॅसेट

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जुने कार्यक्रम एकत्र करून समाजाला दाखवावेत, असे स्मरणिका समितीने ठरविले व ते काम माझ्याकडे सोपविले. कार्यालयातील लोखंडी कपाट उघडले तेव्हा चाळीसएक व्हिडिओ कॅसेट निघाल्या. निम्म्यांवर चिठ्ठीच नव्हती. एकीवर नुसते ‘कार्यक्रम 2’ असे लिहिलेले होते. सुमारे 35 वर्षांपूर्वीच्या पंचकल्याणक महोत्सवाच्या कॅसेटला बुरशी लागली होती. तीत माझ्या कै. वडिलांनी म्हटलेले मंगलाचरण होते. पडद्यावर आडवे पट्टे उमटले, खरखर ऐकू आली आणि चित्र थांबले. दोष इतर कोणास देणार? अनेक वर्षे ट्रस्टचा हिशेब मीच पाहत होतो. रंगरंगोटी व पंख्यांची तरतूद दरवर्षी केली, कॅसेटच्या प्रतींसाठी मात्र एक रुपयाही कधी मांडला नाही.

या निमित्ताने थोडा मागील इतिहास पाहणे उचित ठरेल.

श्रुतरक्षणाची आपली परंपरा फार प्राचीन आहे. आचार्य धरसेनांकडून ज्ञान घेऊन पुष्पदंत व भूतबली या मुनिराजांनी षट्खंडागमाची रचना केली. त्यावरील आचार्य वीरसेनांच्या धवला टीकेच्या ताडपत्र प्रती मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके सुरक्षित राहिल्या. पण बंद राहिल्याने अभ्यासकांना त्या दुर्लभ झाल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद व सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतल्यावर त्यांच्या नकला सुरू झाल्या. हे काम कित्येक वर्षे चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि कालांतराने 16 खंड पूर्ण झाले. ताडपत्र टिकले ते भांडारामुळे. ग्रंथ सर्वांपर्यंत पोहोचला तो नकलांमुळे.

विसाव्या शतकात जतनाची साधने बदलली. प. पू. चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री 108 शांतिसागरजी महाराजांनी कुंथलगिरी येथे सल्लेखनेत असताना, दि. 8 सप्टेंबर 1955 रोजी, मराठीतून अखेरचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित करण्यात आला. दि. 18 सप्टेंबर रोजी महाराजांची समाधी झाली. ज्यांनी त्यांचे दर्शन घेतले नाही, त्या पिढ्यांनाही तो आवाज ऐकता येतो, कारण मूळ फितीवरून वेळोवेळी पुढच्या साधनांवर प्रती होत गेल्या.

याच्या उलट उदाहरण चित्रपटसृष्टीत आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात झळकला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळी खेळ संपला की रिळांचे मोल संपे; फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठीही रिळे विकली जात. आपण व्यापारी माणसे. त्या सौद्यात किती नुकसान झाले, हे वेगळे सांगावयास नको.

हे नुकसान थांबावे म्हणून फेब्रुवारी 1964 मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. 2022 साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. त्याची उभारणी करणारे श्री. पी. के. नायर 1991 पर्यंत तेथे होते. दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांची उरलेली रिळे त्यांनी मिळविली. कोणते दृश्य कितव्या रिळात आहे, हे ते सांगू शकत, अशी त्यांची ख्याती होती. दि. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागून नायट्रेटच्या अनेक जुन्या फिती जळाल्या. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर काढल्या होत्या, तेवढ्या कृती वाचल्या.

आपल्या कॅसेटचे दुखणे आगीइतके उघड नसते. फितीवरील चुंबकीय भुकटी ज्या चिकट द्रव्याने धरलेली असते, ते दमट हवेत पाणी शोषते. भुकटी सुटते व चित्र जाते. कपाटात कॅसेट आहे तशीच दिसते. शिवाय व्हीसीआर यंत्रांचे उत्पादन 2016 साली जगात थांबले. फीत चांगली असली, तरी ती लावणार कशावर? सीडी व हार्ड डिस्कही चिरंतन नाहीत. हार्ड डिस्क एके दिवशी सूचना न देता बंद पडते.

म्हणून मोठ्या संस्था काही साधे नियम पाळतात. प्रत्येक चित्रफितीच्या तीन प्रती असाव्यात; त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात; एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. प्रती ठराविक काळाने उघडून तपासाव्यात व साधन जुने होण्यापूर्वी नव्यावर उतरवाव्यात. आणि सूची हवीच: दिनांक, प्रसंग, स्थळ, दिसणाऱ्या व्यक्ती. दुकानात ताक्यावर चिठ्ठी नसेल तर माल असूनही गिऱ्हाईक परत जाते. आज त्या चेहऱ्यांना ओळखणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. आणखी दहा वर्षांनी ओळख कोण पटविणार?

आपल्याकडे यासाठी तिथी ठरलेलीच आहे. षट्खंडागमाच्या पूर्तीचे स्मरण म्हणून ज्येष्ठ शुक्ल पंचमीस आपण शास्त्रे बाहेर काढतो, झटकतो, ऊन दाखवितो व नवे वेष्टन घालतो. त्याच दिवशी चित्रफितींच्या प्रतीही तपासाव्यात व नोंदवही वाचून दाखवावी, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. शास्त्राची नकल करवून देणे हे आपल्याकडे शास्त्रदान मानले गेले. गुरुवाणीच्या फितीची प्रतही त्याच भावनेने करावी. ज्यांच्या घरी जुन्या कॅसेट असतील, त्यांनी त्या नावनिशीसह कार्यालयात द्याव्यात. प्रत काढून मूळ कॅसेट परत केली जाईल.

वडिलांचे मंगलाचरण गेले. कपाटातील इतर कॅसेटपैकी सव्वीस सुस्थितीत निघाल्या व त्यांच्या प्रती तयार झाल्या. शास्त्रांच्या वेष्टनासाठी दरवर्षी आमच्या दुकानातून कापड जाते. यंदाच्या श्रुतपंचमीपासून त्याबरोबर एक नवी हार्ड डिस्कही जाईल.

जय जिनेंद्र.