देणगी म्हणू नका, शिकवणी म्हणा

'पँथर' हे नाव १९७२ साली मुंबईत आलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यातून. त्याच काळ्यांच्या एका पोराचा हा इतिहास. नाव ख्रिस्टोन इन्ग्राम, जगाला ठाऊक 'किंगफिश' म्हणून. जन्म १९९९, गाव क्लार्क्सडेल, राज्य मिसिसिपी. आठव्या वर्षी गाण्याच्या वर्गात, अकराव्या वर्षी हातात गिटार. २०२२ साली ग्रॅमी. पेपरवाले अशा पोराला 'दैवी देणगी' म्हणून मोकळे होतात. देवानं दिलं म्हटलं की माणसांनी काय दिलं ते विचारावं लागत नाही. आपण विचारू.

मिसिसिपीचा डेल्टा म्हणजे कापसाचं रान. १८६५ साली गुलामी कायद्यानं संपली, रान मात्र मालकाचंच राहिलं. काळा माणूस ते बटाईनं कसायचा. बी-बियाणं उधार, किराणा उधार. सुगीला हिशेब मालक मांडणार आणि कर्ज काळ्याच्याच अंगावर निघणार. अशा घामातून आणि अशा कर्जातून ब्लूज हे गाणं उठलं.

क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हल मळ्यावर मडी वॉटर्स ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली सरकारी ग्रंथालयाच्या माणसांनी येऊन त्याचं गाणं मुद्रित केलं. १९४३ साली त्यानं मळा सोडला आणि शिकागो गाठलं. पुढच्याच वर्षी शेजारच्या हॉप्सन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंत सगळा कापूस यंत्रानं निघाला. हातांची गरज सरली. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली. त्यांच्या पाठीवर गाणंही गेलं. शहरात त्याला वीज जोडली गेली. इंग्लंडच्या गोऱ्या पोरांनी त्या तबकड्या घासून घासून ऐकल्या. मडीच्या १९५० सालच्या गाण्यावरून एका बँडनं आपलं नाव 'रोलिंग स्टोन्स' ठेवलं. त्यातून रॉक जगभर खपला. शिकणं हा काही गुन्हा नाही. पण जग ते गाणं शिकत असताना, जिथं ते जन्मलं तिथल्या पोरांना ते म्हाताऱ्यांचं गाणं वाटू लागलं. ती रॅप ऐकू लागली.

१९७९ साली क्लार्क्सडेलच्या सार्वजनिक वाचनालयानं डेल्टा ब्लूज संग्रहालय काढलं. मडीची झोपडी आज तिथं ठेवली आहे. मेलेल्यांच्या वस्तू मांडून ते थांबलं असतं तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण संग्रहालयानं पोरांसाठी वर्ग काढला. बिल पेरीसारखे जुने वादक तिथं शिकवायला बसले. घरचं चर्चचं गाणं कानात घेऊन ख्रिस्टोन तिथं आला. आधी ड्रम, मग बास, मग गिटार. 'किंगफिश' हे नावही पेरीनंच ठेवलं.

२०१४ साली संग्रहालयाच्या पोरांचा बँड व्हाइट हाउसमध्ये वाजला, तेव्हा हा १५ वर्षांचा होता. २०१९ साली 'किंगफिश' हा पहिला अल्बम आला. त्यात बडी गाय सोबत गायला. बडी १९३६ सालचा, लुइझियानातल्या बटाईदाराचा पोरगा. नातू शोभेल अशा पोराला म्हाताऱ्यानं हात दिला. त्याच साली ख्रिस्टोनची आई वारली. २०२१ साली '६६२' आला. ६६२ म्हणजे उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. ग्रॅमी मिळाली ती याच अल्बमला. गिटारमध्ये रॉकची आरोळी आहे, हेंड्रिक्सची आठवण आहे, पण अल्बमवर नंबर गावाचा आहे.

पोराचे कष्ट पोराचेच, ते कुणी हिसकावू नये. पण त्या कष्टांना बसायला एक खोली होती, एक मास्तर होता, रोजची वेळ होती. मडीच्या वेळी गाणं टिपायला बाहेरून माणसं आली. किंगफिशच्या वेळी गाणं शिकवायला गावातलीच माणसं बसली. मधल्या ७० वर्षांत जे काही कमावलं त्यातली ही मोठी कमाई.

तेव्हा पुन्हा कुणी 'देणगी' म्हणालं तर त्याला थांबवून विचारा, वर्ग कुणी चालवला? आणि घरी जाताना स्वतःलाही विचारा, आपल्या वस्तीत तो कुठं भरतो?